चौकोनी चावी

झाशीतल्या त्या दीड वर्षाबद्दल लिहायचं तर पहिलं नाव हरप्रसादजींचं लिहिलं पाहिजे. हरप्रसाद, रेल्वेच्या इंजिन-शेडमधले फिटर, मूळचे चिरगाँवचे. आमच्या ताईच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं क्वार्टर होतं. ज्यांचे माझ्यावर उपकार आहेत अशांची यादी मोठी आहे, कारण आठवीत शाळा सोडलेल्या आणि मुलखापासून तुटलेल्या पोराला जो तो काही ना काही देतच असतो, कोणी जेवायला, कोणी शिव्या. बाकी सगळ्यांशी माझी आज ना उद्या फिट्टंफाट झाली. हरप्रसादजींशी झाली नाही. त्यांनी मला मदत केली आणि मी त्यांचं वाटोळं केलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्यासाठी हळहळायला नको.

माझं गाव कऱ्हाडच्या अलीकडे. शाळा सुटली म्हणजे मीच सोडली, गणिताच्या मास्तरांच्या भीतीनं. मी जन्माचाच घाबरट. नंतर तीन वर्षं एका ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडलो, तिथं गाडी चालवायला आणि थोडीफार उघडायला शिकलो. मग ताईच्या यजमानांचं, म्हणजे दाजींचं, कार्ड आलं की पोराला इकडं पाठवा, इथं ओळखी आहेत. दाजी मालगाडीचे गार्ड होते. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं पडवी, मागं हातभर अंगण. त्या घरात शांतता म्हणून कधी नसायची. डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज रुळांवरून लांब पळत जायचा, इंजिनं एकमेकांना हाका मारायची, आणि दिवसातून चार वेळा शेडचा भोंगा व्हायचा. तो भोंगा हेच आमचं घड्याळ. ताई भोंग्यावर डाळ चढवायची आणि भोंग्यावर उतरवायची. सासरहून आणलेलं जर्मनचं पातेलं हा तिचा जीव की प्राण होता. गावाकडून डब्यातून आलेली कांदा-लसणाची चटणी ती नखावर घेऊन वाढायची, ती संपली की आपण खरंच परमुलखात आहोत असं तिला वाटे.

भिंतीपलीकडून हरप्रसादजींची बायको, तिला आम्ही सगळे भौजी म्हणायचो, ताकात शिजवलेली ज्वारीची महेरी वाटीभर द्यायची. दाजींचा नियम असा की त्यांच्याकडचं ताक चालेल, भाजी-धान्य चालेल, शिजवलेलं चालणार नाही. का चालणार नाही ते दाजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, ज्याला कळायचं त्याला कळत होतं. दाजी लाइनवर गेले की ताई आणि मी ती महेरी खायचो आणि वाटी राखेनं घासून परत करायचो. भौजी हसून म्हणायची, "काए बिन्ना, गार्ड साब चले गए?" ताईलाही हसू यायचं. त्या हसण्यात माझी लाज किती होती ते आत्ता कळतं.

दाजींच्या ओळखीनं मला रावसाहेबांकडे ड्रायव्हरची नोकरी लागली. रावसाहेबांचे पूर्वज शिंदेशाहीच्या काळात इकडं आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून मला आधी गंमत वाटायची. "मोटार तैयार आहे काय?" म्हणायचे. घरात पोरंसोरं हिंदीच बोलायची आणि रावसाहेबांनी मराठीत काही विचारलं की "जी, काका" म्हणून पळायची. त्यांच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, कुठल्याशा संस्थानाच्या मोटारखान्यातून आलेली. लांबलचक बॉनेट, आत अक्रोडाची फळी, खऱ्या चामड्याच्या गाद्या, त्यांना अजून कुणा राणीसाहेबांच्या अत्तराचा वास येतो असं रावसाहेब पाहुण्यांना सांगत. मला उंदराचा यायचा. पण मी त्या गाडीवर जीव लावला. अशी गाडी माझ्या हातात दिली म्हणजे माझ्यात काहीतरी असलं पाहिजे, असं मला वाटायला लागलं होतं, आणि तोवर कुणीच मला तसं वाटू दिलं नव्हतं.

गाडी चाळीसच्या वर गेली की मागून रडायची. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आतले दाते इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देतात, त्याला इकडचे मिस्त्री क्राउन म्हणत. आवाज तिथला होता. एका रविवारी हरप्रसादजी बघायला आले. लांब पेचकसाचं टोक त्या गोळ्यावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाले, "लला, दाँत तो ठीक हैं. तेल मर गओ. बरसों से काऊ ने बदलो नईंयाँ." मग खाली आडवं होऊन त्यांनी दोन बुचं दाखवली. एक तळाशी, तेल सोडायचं. दुसरं वर, बाजूला, नवं तेल भरायचं. आणि बोट नाचवत सांगितलं, "पैलें ऊपर वारो खोलियो. ऊपर वारो न खुले, तो नेंचे वारे खों हाथ नईं लगाने." मी "हओ, हओ" म्हटलं. त्यांची बोली बोलायची मला तेव्हा हौस होती.

आज कोणालाही हे सांगितलं की तो म्हणतो, यात काय, साधी गोष्ट. साधीच आहे. खालचं आधी सोडलं आणि वरचं उघडलंच नाही, तर गाडी पोटात थेंब नसलेली, जागच्या जागी उभी. पुढं इटारसीला माझं स्वतःचं गॅरेज झालं तेव्हा हाताखालच्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, आणि सांगताना माझा आवाज इतका चढायचा की पोरं एकमेकांकडे बघायची.

थंडीचे दिवस होते. सकाळी सदर बाजारापर्यंत एक चक्कर मारून मी गाडी गरम करून आणली, म्हणजे जुनं तेल पातळ होऊन नीट निघेल. नवं तेल डब्यात थिजून काकवीसारखं झालं होतं, ते तापवायला पाणी गरम करतो असं खोटं सांगून ताईचं जर्मनचं पातेलं आणलं होतं. रावसाहेबांच्या मोटारखान्यात खड्डा होता, त्यावर गाडी घेतली आणि खाली उतरलो. तेवढ्यात रावसाहेब पान चघळत येऊन खड्ड्याच्या कडेला उभे राहिले.  त्यांना लगेच काहीतरी होताना दिसावं असं मला वाटलं. वरच्या बुचाला मध्ये चौकोनी खळगा होता, त्याची चावी गाडीबरोबर कधीच आली नव्हती. ते बघत बसलो असतो तर रावसाहेब म्हणाले असते, हा नुसता बसलाय. खालचं साध्या पान्याचं होतं. पाना लावला, एक हिसका दिला आणि घमेल्यात काळं तेल धो धो पडलं. कुजक्या अंड्याचा वास सुटला. तेलात कानशीच्या भुशासारखी लोखंडाची चमक होती.

"अरे बापरे, एवढी घाण?" रावसाहेब खूश होऊन म्हणाले. "काढ, काढ सगळी." आणि नाकाला रुमाल लावून गेले.

मग मी वरच्याला लागलो. जुन्या कानशीची शेपटी घालून बघितली, छिन्नी घालून बघितली. खळग्याच्या कडा झिजायला लागल्या, बूच हललं नाही. रॉकेल सोडलं, थांबलो, परत केलं. तासाभरानं मी खड्ड्यातच बसलो होतो. रावसाहेबांना दुसऱ्या दिवशी पहाटे एरचला जायचं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. गाडी उभी राहिली तर नोकरी गेली, नोकरी गेली तर दाजींचा शब्द गेला, आणि दाजींचा शब्द गेला तर ताईला रोज जेवताना ऐकायला लागणार. सायकल काढली आणि शेडचं फाटक गाठलं.

हरप्रसादजी फाटकाशी आले, माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "नेंचे वारो खोल डारो?" मी मान हलवली. वाटलं आता शिवी येणार. ते एवढंच म्हणाले की जेवणाच्या भोंग्याला येतो.

शेडचा रिवाज असा होता. प्रत्येक फिटरला त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले मिळायचे. हत्यार घ्यायचं तर हत्यारांच्या खोलीतल्या फळीवर, हत्याराच्या जागच्या खिळ्याला, आपला बिल्ला टांगायचा. हत्यार परत आलं की बिल्ला काढायचा. संध्याकाळच्या भोंग्याला फळीवर एकही बिल्ला दिसता कामा नये. आणि हत्यार फाटकाबाहेर नेलं तर ती चोरी, मग ते कशासाठी का असेना. हरप्रसादजींनी इंजिनाच्या कुठल्याशा बुचाची एक पोलादी चौकोनी चावी घेतली, बिल्ला टांगला, आणि चावी रोट्यांच्या फडक्यात गुंडाळून फाटकाबाहेर आणली. अठरा-वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे पहिल्यांदा केलं होतं. मी मागितलं म्हणून.

खड्ड्यात उतरून त्यांनी बुचाभोवती स्टोची ज्योत फिरवली, चावी बसवली, तिच्या डोक्यावर हातोडीचे दोन मोजके ठोके दिले. आणि सोडायच्या ऐवजी घट्ट केलं, केसभर. "पैलें कसो, फिर ढीलो," म्हणाले. "अड़े आदमी खों भी ऐसई मनाओ जात." अडून बसलेल्या माणसालाही असंच मनवायचं म्हणे. कट्ट् असा आवाज झाला आणि बूच फिरलं. मला रडू आलं. ते हसले, "रो मती, रोबे खों तुमाई गाड़ी है." तेवढ्यात भोंगा झाला. त्यांनी रोटी खाल्लीच नव्हती. तेल भरायला वेळ लागणार होता, भरल्यावर बूच त्याच चावीनं कसायचं होतं. म्हणून चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि नीट समजावलं, "भर के कस देना." संध्याकाळच्या भोंग्याआधी मी फाटकाशी यायचं. ते पाणी प्यायला म्हणून येतील. "भूलियो नईं, लला. मेरा बिल्ला टँगा है."

मी विसरलो नाही. हे मला ठळक लिहायचं आहे. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

पातेल्यात तेल तापवलं, नळी लावून हळूहळू सोडलं, भोकाच्या काठाशी येऊन ओघळायला लागल्यावर थांबलो, बूच कसलं. उन्हं अजून वर होती. सायकलला हात घालतो तर समोर रावसाहेब, अंगावर शाल, हातात काठी. "चला, आत्ताच निघायचं. एरचहून निरोप आला." मी म्हणालो, "पहाटे ना?" ते म्हणाले, "पहाटे कशाला? गाडी झाली ना तैयार?" दहा मिनिटं मागायची होती. शेडवरून जाऊ, एवढं म्हणायचं होतं. पण का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मग चुकीचं बूच आधी उघडल्याचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो, झाली." चावी पॅन्टच्या खिशात होती. स्टिअरिंगवर बसलो की ती मांडीला टोचायची.

गाडी रडली नाही. पन्नासला नेली तरी नाही. चिरगाँवला रावसाहेबांनी चहाला थांबवलं आणि मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. "शाबास, दत्तू. हात चांगला आहे तुझा." त्याच वेळी तिकडं झाशीत भोंगा होत असणार, आणि हरप्रसादजी फाटकाशी पाणी पीत उभे असणार. मला ते दिसत होतं. आणि तरी मला आनंद झाला. सत्तरी ओलांडल्यावर माणसानं खोटं लिहू नये. झाला.

मोठ गाव मागं टाकून एरचला पोचलो तो एका ठेकेदाराच्या दारात. ठेकेदार मागच्या गादीवर बसला, मला वेशीपर्यंत पळवायला लावली आणि कान देऊन म्हणाला, "आवाज तो नहीं है." रावसाहेब म्हणाले, "कैसे होगी? राजघराने की मोटर है." तेव्हा मला कळलं की गाडी विकायला आणली आहे. माझ्याच हातानं तिचं रडणं थांबवून घेतलं, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. निघताना रावसाहेब मला म्हणाले, "तू दोन दिवस इथंच थांब. यांच्या माणसाला गाडी समजावून दे, मग बसनं ये. पुढचं बघू." ते शेवटच्या बसनं झाशीला निघाले. त्यांच्याबरोबर चावी पाठवावी असं मनात आलं, खिशात हातही गेला. पण काय सांगून देऊ? बस गेली. ज्या नोकरीसाठी गप्प बसलो होतो ती एरचचा निरोप आला तेव्हाच संपली होती, आणि तरी मी गप्पच होतो. सवय म्हणतात ती हीच.

तिसऱ्या दिवशी क्वार्टरवर आलो तर ताई दारातच. आवाज खाली घेऊन तिनं सांगितलं, ते असं. त्या संध्याकाळी फळीवर एकच बिल्ला लटकत राहिला. हरप्रसादजींना अडवून ठेवलं, चावी कुठं विचारलं, ते म्हणाले सापडत नाही. घरी बसवलं, चार दिवसांनी चौकशी. त्याच संध्याकाळी रावसाहेबांच्या गड्यानं ताईचं पातेलं आणून दिलं होतं. तेलाचा वास असा की त्यात डाळ शिजवता येईना, आणि दाजी घरी यायचे होते. भौजीनं भिंतीवरून आपली पितळी बटलोई दिली, "ले बिन्ना, इसमें बना ले," आणि नवरा अजून का आला नाही म्हणून परत रस्ता बघत उभी राहिली.

दाजींनी चावी माझ्या तळहातावर बघितली आणि दार लावलं. "कुणाला बोललास?"

"नाही. मी आत्ता जाऊन देतो. सांगतो की माझ्यासाठी आणली होती."

"म्हणजे गार्डाच्या मेव्हण्यासाठी. शहाणाच आहेस. माझी पॅसेंजरवर बढती टेबलावर पडलीय. तुला नोकरी नाही, मला क्वार्टर नाही, मग बहिणीला घेऊन बसा तिघं फलाटावर." मग जरा मऊ झाले. "आण इकडं. फोरमन माझा माणूस आहे. गुपचूप देतो त्याला, बाकाखाली सापडली म्हणेल. तू फक्त तोंड मिटून बस."

मी चावी दिली. विश्वास ठेवणं सोयीचं होतं म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे गेलो. हरप्रसादजी अंगणात वांगी चिरत बसले होते, कामाच्या दिवशी, त्या वेळेला, अंगात शेडचाच सदरा. मला बघून म्हणाले, "काए लला, गाड़ी रोई तो नईं?"

"नाही."

"चलो. और चाबी?"

"दाजींकडं आहे. ते फोरमनसाहेबांना देणार आहेत. बाकाखाली सापडली असं..."

 ते "हओ" म्हणाले आणि पुढचं वांगं उचललं. त्यांनाही विश्वास ठेवणं भाग होतं. सोय म्हणून नव्हे, दुसरा इलाज नव्हता म्हणून.

चौकशी झाली. चावी सापडलेली नव्हती. हरप्रसादजींनी सांगितलं, कुठं तरी पडली, माझी चूक. कोणाचं नाव घेतलं नाही. फिटरचा खलाशी, म्हणजे शेडमधला बिनकसबी मदतनीस, केला आणि बदली फार लांबच्या शेडला. मी दाजींना विचारलं, तर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत, नजर न उचलता सांगितलं की त्या रात्रीच्या मालगाडीवर होतो, ओरछ्याच्या पुढं बेतवेच्या पुलावरून टाकली. "पुरावा घरात ठेवायचा असतो होय?" ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. मग तिनं डाळ वाढली.  आम्ही तिघं जेवलो. डाळ त्या बटलोईतली होती, दाजींना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगण्याइतपतसुद्धा सूड माझ्याच्यानं घेववला नाही.

हरप्रसादजी गेले त्या दिवशी सामान टांग्यात चढवत होते. मी एक पेटी उचलू लागलो. भौजीनं ती माझ्या हातून काढून घेतली, रागानं नाही, जड वस्तू लहानाच्या हातून घ्यावी तशी. बटलोईबद्दल तिनं विचारलं नाही. दाजींना बढती मिळाली.

ताई गेल्यावर ती बटलोई माझ्याकडं आली. काठावर ठोकलेली अक्षरं आहेत, हरप्रसाद, चिरगाँव. माझी सून ती घासते आणि विचारते, बाबा, हे कोण? मी सांगतो, शेजारी होते. चिरगाँववरून मी पुढं कितीदा गेलो. एकदा बसमधून उतरलो, स्टँडवर चहा प्यायलो, चहावाल्याला विचारायला तोंड उघडलं आणि साखर मागितली. पुढच्या बसनं परत आलो. घाबरटपणा वयानं जात नाही, त्याला फक्त पांढरे केस येतात.

हरप्रसादजी, तुम्ही असाल तर नव्वदीच्या घरात असाल, नसाल तर तुमचं कोणीतरी असेल. या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. चालता आलं की बटलोई घेऊन चिरगाँवला येईन. या खेपेला चहावाल्याला घर विचारीन. दारात जो कोणी येईल त्याला, शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या आवाजात, सांगीन की त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती आणि खिळ्यावर बिल्ला तुमचा होता. फेडण्यासारखं माझ्याकडं एवढंच उरलं आहे, आणि ते मी फेडीन.